कोस्टा रिकाचा पाऊस: कोणता किनारा, कोणता प्रहर?

नमस्कार. कोस्टा रिकाला जाण्याचा विचार करणारे लोक बहुतेक एकच प्रश्न विचारतात: कोणत्या महिन्यात जावं? प्रवासाच्या माहितीपुस्तिकांत उत्तर तयार असतं. डिसेंबर ते एप्रिल कोरडं, तेव्हा जा. मे ते नोव्हेंबर पाऊस, तेव्हा टाळा. अलीकडे पर्यटनवाल्यांनी या टाळायच्या महिन्यांना ‘हिरवा हंगाम’ असं गोंडस नाव दिलंय आणि खोल्यांचे दर उतरवलेत. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. वर्षावन बघायला जायचं आणि पाऊस टाळायचा, हा हट्ट मुळातच थोडा विचित्र आहे. पण ‘बिनधास्त जा, पावसाचं काही नसतं’ हेही खरं नाही. महिना ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. कोणत्या किनाऱ्याला जाताय? आणि दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर पडणार आहात?

देश लहान आहे, सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटरचा. पूर्वेला कॅरिबियन समुद्र, पश्चिमेला पॅसिफिक महासागर आणि मधून वायव्य-आग्नेय अशी गेलेली डोंगररांग. तिच्यात ज्वालामुखी आहेत, आणि चिरिपो हे सर्वांत उंच शिखर ३,८०० मीटरच्याही वर जातं. सगळा खेळ या भिंतीचा आहे. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येकडून व्यापारी वारे जोरात वाहतात. ते कॅरिबियनवरचं बाष्प आणून पूर्व उतारावर ओततात आणि डोंगर ओलांडून पश्चिमेला उतरेपर्यंत कोरडे होतात. म्हणून त्या काळात पॅसिफिक बाजू कोरडी असते. मे महिन्यापासून हे वारे मंदावतात, विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकून देशावर येतो आणि पॅसिफिकवरून दमट हवा आत शिरते. आता पश्चिमेची पाळी.

पण गोष्ट इथे संपत नाही. जुलैच्या सुमाराला व्यापारी वारे पुन्हा जरा जोर धरतात. लगेच पॅसिफिक बाजूला पावसात खंड पडतो, आणि त्याच दिवसांत कॅरिबियन किनारा धो धो झोडपला जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे वारे अगदी दुबळे होतात. तेव्हा पॅसिफिकला वर्षातला सर्वांत जोरदार पाऊस लागतो आणि कॅरिबियनचा दक्षिण किनारा, म्हणजे काहुइता, पुएर्तो व्हिएहोचा भाग, चक्क उघडतो. तराजूसारखं आहे हे. एक पारडं खाली गेलं की दुसरं वर येतं. छापील पुस्तिकेत ‘मे ते नोव्हेंबर पावसाळा’ लिहिलेलं असतं ते राजधानी सान होसे आणि पॅसिफिक उतारापुरतं खरं आहे. उत्तर कॅरिबियनला तोर्तुगेरोत तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे ‘कोरडा हंगाम’ शोधत बसू नये.

आता प्रहराचं. पॅसिफिक बाजूला आणि सान होसे ज्यात आहे त्या मधल्या खोऱ्यात पावसाळ्यातला साधारण दिवस कसा असतो? साडेपाचच्या सुमारास उजाडतं. आकाश धुतलेलं, ऊन स्वच्छ. नऊ-दहापर्यंत तापतं, डोंगरांवर ढग चढू लागतात आणि दुपारी एक-दोननंतर कोसळतं. संध्याकाळी सहाच्या आगेमागे अंधार. म्हणजे हातात सकाळचे सहा-सात तास असतात. हे तिथल्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. सुट्टी आहे म्हणून आठला उठून, निवांत नाश्ता करून दहाला जंगलात शिरणाऱ्या पाहुण्यांना मग ‘रोज पाऊसच होता हो’ असं सांगावं लागतं. पाऊस वेळेवर आला होता, उशीर यांनी केला. मधूनमधून दोन-तीन दिवस न थांबणारी झड लागते, तेव्हा मात्र हे वेळापत्रक लागू नाही. ते गृहीत धरूनच जायचं.

जंगलात पाऊस आधी ऐकू येतो. लांबून एक सलग आवाज जवळ येत जातो, तो डोक्यावरच्या पानांवर पोचतो, आणि तरी तुम्ही काही क्षण कोरडेच असता. वरचं छत इतकं दाट असतं की पाणी पानापानावरून, फांद्यांवरून, खोडांवरून ओघळत खाली येतं. उलट, पाऊस थांबल्यावरही खाली बराच वेळ ठिबकत राहतं. तिथल्या कितीतरी झाडांच्या पानांना खाली निमुळतं टोक असतं, पाणी पटकन गळून जावं म्हणून. हे टोक चित्रात बघणं वेगळं आणि त्यावरून थेंब सुटताना बघणं वेगळं.

पण मी पावसाळ्यात जा म्हणतो ते मुख्यतः बेडकांसाठी. (हशा) हसू नका. तुम्ही पोस्टरवर पाहिलेला तो लाल डोळ्यांचा, हिरव्या अंगाचा, नारिंगी पावलांचा झाडबेडूक पावसाळ्यातच वितो. पाऊस पडून गेल्यावर रात्री डबक्याकाठी टॉर्च घेऊन उभं राहायचं. पाण्यावर झुकलेल्या पानाच्या खाली तुम्हाला पारदर्शक गोळा दिसतो. ती अंडी. आतले जीव तयार झाले की अंडी फुटतात आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. याला साधारण सहा-सात दिवस लागतात. आता मजा बघा. अंडी खाणारा साप पानावर आला आणि त्याने गोळ्याला तोंड घातलं, तर आतली पिल्लं वेळेच्या दोन-तीन दिवस आधीच अंडं फोडून खाली उड्या टाकतात! कॅरन वॉर्केंटिन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात कोस्टा रिकाच्या कोर्कोवादो भागात हे नोंदवलं, आणि पुढे पनामातही त्यावर वर्षानुवर्षं काम केलं.

मग प्रश्न येतो तो पावसाचा. पाऊसही त्या गोळ्याला हादरवतोच की. प्रत्येक सरीला पिल्लं घाबरून उडी मारायला लागली, तर अर्धवट वाढलेली पाण्यात पडतील आणि मासे त्यांना खाऊन टाकतील. तर या बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या जिवांना पावसाचा हादरा आणि सापाचा हादरा यांतला फरक कळतो. थेंबांचे धक्के छोटे आणि लागोपाठ असतात; सापाचे जास्त वेळ टिकणारे, मध्ये अंतर सोडून येणारे. वॉर्केंटिन यांनी हे कंपन रेकॉर्ड करून अंड्यांना ‘ऐकवलं’. सापाच्या कंपनांना कितीतरी जास्त पिल्लं बाहेर पडली. अंड्यातून बाहेर यायच्या आत ज्याला पाऊस ओळखावा लागतो, असा प्राणी कोरड्या हंगामात जाऊन तुम्ही कसा समजून घेणार?

आणखी एक उदाहरण देतो, मग पुढे जातो. ईशान्येकडच्या सारापिकीच्या बाजूला, ला सेल्वा संशोधन केंद्राच्या परिसरात, नखाएवढा लाल बेडूक दिसतो, पाय निळे. विषारी आहे, हात लावायचा नाही. त्याची मादी प्रत्येक पिल्लाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि फांद्यांवर वाढणाऱ्या ब्रोमेलिअड या अननसाच्या कुळातल्या झाडाच्या पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात सोडते. नंतर फेऱ्या मारून त्या पाण्यात फलित न झालेली अंडी घालते, पिल्लाला खायला. झाडावरचं ते घोटभर पाणी म्हणजे पावसानेच भरलेलं.

पाऊस चुकला तर काय होतं, हेही याच देशात दिसलं आहे. मोंतेव्हेर्देच्या वरच्या ढगांच्या जंगलात, अगदी थोड्या जागेत, सोनेरी भेक राहायचा. नर झगझगीत नारिंगी. वर्षभर जमिनीखाली दडलेला आणि पहिल्या पावसाबरोबर काही दिवस डबक्यांवर गर्दी करणारा. १९८७ साली दीड हजारावर दिसले होते, पण डबकी आटली आणि बहुतेक अंडी सुकून गेली. १९८८ ला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिसले. १९८९ ला एकटा नर दिसला, त्यानंतर कधीच नाही. कारणांवर शास्त्रज्ञांत वाद आहे: एल निन्योमुळे पडलेली कोरड की बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीचा रोग, की दोन्ही मिळून. मोंतेव्हेर्देला मे महिन्यात धुक्यात भिजत चालताना वाटाडे अजूनही त्याच्याबद्दल बोलतात.

किनाऱ्यावर या. तोर्तुगेरोला गाडीचा रस्ता जात नाही, बोटीने किंवा छोट्या विमानाने जावं लागतं. जुलै ते ऑक्टोबर तिथे हिरव्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात, एका वेळी शंभराच्या आसपास. १९५० च्या दशकात आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने इथे कासवांना खुणा लावून अभ्यास सुरू केला. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. रात्री परवानाधारक वाटाड्याशिवाय किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही. गडद कपडे, कॅमेरा नाही, मोबाईल नाही. फोटो नाही म्हणून कुरकुरणारे मी पाहिलेत. मला हा नियम फार आवडतो. पॅसिफिकला ओस्तिओनाल इथे ऑलिव्ह रिडले कासवं झुंडीने येतात. मोठ्या झुंडी पावसाळ्यातच. कोरड्या महिन्यांत वाळू इतकी तापते की घरट्यांतून फारशी पिल्लं बाहेर पडत नाहीत. पाऊस वाळू गार करतो. आणि त्याच दिवसांत दक्षिणेला उव्हिताजवळ अंटार्क्टिकाच्या बाजूने आलेले हंपबॅक देवमासे पिल्लांसह पोहत असतात, साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत.

वायव्येला ग्वानाकास्ते प्रांत आहे. हे वर्षावन नव्हे, कोरडं पानझडी जंगल. एप्रिलमध्ये उघडं, करडं. मे महिन्यात पहिल्या सरी पडल्या की बघता बघता हिरवं होतं. पावसाला घाबरणाऱ्यांनी मे-जून किंवा जुलैच्या खंडात इथून सुरुवात करावी.

आता जे मिळत नाही ते. तेनोरिओ ज्वालामुखीच्या उद्यानातली रिओ सेलेस्ते नदी निळी असते. दोन स्वच्छ प्रवाह जिथे एकत्र येतात तिथे हा रंग जन्मतो. एक प्रवाह आम्लयुक्त असतो, त्यामुळे पाण्यातले अॅल्युमिनियम-सिलिकेटचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि निळा प्रकाश विखुरतात. हे तिथल्याच विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी उलगडलं. पण रात्रभर पाऊस झाला की वरून गाळ येतो आणि नदी तपकिरी होते. ‘निळा रंग हमखास’ असं सांगून तिकिटं विकणारेही भेटतात. त्यांच्या हमीवर जाऊ नका, सकाळी उद्यानाच्या दारावर विचारा. आरेनाल ज्वालामुखीचा सुबक शंकूही कित्येक दिवस ढगांतच असतो. २०१० पासून तो शांत आहे, त्यामुळे रात्री लाव्हा दिसेल ही आशाही सोडा.

आणि धोका. सान होसेहून कॅरिबियनच्या लिमोन बंदराकडे जाणारा ३२ क्रमांकाचा रस्ता ब्राउलिओ कारिय्यो उद्यानाच्या डोंगरातून जातो. जोराच्या पावसात तिथे दरडी कोसळतात आणि रस्ता बंद होतो, कधी तासभर, कधी त्याहून बराच जास्त. विमान पकडायच्या दिवशी या रस्त्यावर भिस्त ठेवायची नाही. ओसा द्वीपकल्पात काही ठिकाणी पूल नाहीत, गाडी नदीतून न्यावी लागते. भाड्याच्या गाडीचा विमा पाण्याने झालेलं नुकसान सहसा भरून देत नाही, करार वाचा. पाणी गढूळ आणि वाहतं असेल तर थांबायचं. स्थानिक माणूस थांबलाय ना, मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात? ऑक्टोबर २०१७ मध्ये नेट हे वादळ देशावरून गेलंही नाही, लांबून गेलं, पण त्याच्या पावसाने रस्ते, पूल वाहून गेले, माणसं दगावली. ‘हिरवा हंगाम’ म्हणताना हे जाहिरातीत येत नाही.

तिथल्या लोकांना मात्र हा पाऊस नकोसा वाटत नाही. देशाची बरीचशी वीज पाण्यावर होते. २०१५ ते २०२१ या काळात दरवर्षी ९८ टक्क्यांच्या वर वीज जल, भूऔष्णिक, पवन अशा नूतनीकरणक्षम स्रोतांतून आली. २०२४ च्या मे महिन्यात एल निन्योमुळे धरणं खाली गेली आणि पाळीपाळीने वीज बंद ठेवण्याचं जाहीर झालं. मग पाऊस आला आणि तो निर्णय मागे घेतला गेला.

काही चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली, बरोबर काय न्यावं? गमबूट, म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचे रबरी. बऱ्याच ठिकाणी ते भाड्याने मिळतात. चिखलासाठी तर हवेतच, पण तेर्सिओपेलो नावाचा विषारी साप जमिनीवर पानांत बसलेला दिसत नाही, त्यासाठीही हवेत. जीन्स नको, ती वाळतच नाही. दुर्बीण आणि कॅमेरा रात्री हवाबंद पिशवीत, सिलिका जेलसह. नाहीतर काचेला आतून बुरशी धरते. डासांचं मलम विसरू नका, पावसाळ्यात डेंग्यू असतो. आणि वाटाडा घ्याच. कोर्कोवादोत तो सक्तीचा आहे, इतरत्र नसला तरी घ्या. त्याच्याशिवाय वर्षावन म्हणजे नुसती हिरवी भिंत.

दुसरी चिठ्ठी: ‘आम्हाला सुट्टी फक्त ऑक्टोबरमध्ये मिळते, मग बेत रद्द करावा का?’ मुळीच नको. पॅसिफिकचा दक्षिण भाग त्या वेळी सोडून द्या. सरळ कॅरिबियनला जा: आधी तोर्तुगेरो, कासवांच्या हंगामाचे शेवटचे दिवस, मग दक्षिणेला काहुइता आणि पुएर्तो व्हिएहो. ३२ क्रमांकाच्या रस्त्याने सकाळी लवकर निघा, आणि परतीला विमानाच्या आदल्या दिवशीच सान होसे गाठा.