आकाशदर्शनाचं पहिलं पुस्तक: निवडताना आणि वापरताना

मंडळी, आकाशदर्शनाचं पुस्तक आपण दिवसा विकत घेतो आणि रात्री वापरतो. पहिल्या खरेदीतल्या बहुतेक चुका इथेच होतात. लख्ख उजेडात गुळगुळीत कागदावरचे रंगीत फोटो नजर खेचून घेतात. पण तेच पुस्तक उघडायचं असतं ते अंधारात, मंद लाल दिव्याखाली, एका हातात द्विनेत्री (बायनॉक्युलर) धरून. तिथे ते चालेल का, हा प्रश्न घेतानाच विचारायचा.

सगळ्यात आधी अक्षांश बघा. महिन्यांचे नकाशे कोणत्या अक्षांशासाठी काढले आहेत हे प्रस्तावनेत किंवा नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दिलेलं असतं. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, जवळजवळ तितकाच त्या जागेचा अक्षांश. समजा पुस्तक ५० अंश उत्तरेसाठीचं आहे आणि तुम्ही २० अंशांवर आहात. पुस्तक सांगेल की सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. तुमच्याकडे ते खुशाल मावळतात. दक्षिणेकडे तर मोठंच नुकसान आहे. ताऱ्याचं खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर म्हणजे क्रांती, दक्षिणेकडे ती उणे; ५० अंशांवरून उणे ४० क्रांतीच्या पलीकडचं काही उगवतच नाही, म्हणून ते नकाशातही नसतं. २० अंशांवरून मात्र उणे ७० पर्यंतचं आकाश वर येतं. मधल्या ३० अंशांच्या पट्ट्यात अगस्त्य आहे, म्हणजे व्याधानंतरचा सर्वांत तेजस्वी तारा, आणि त्रिशंकू हा तारकासमूहही आहे. अक्षांशात चार-पाच अंशांचा फरक चालून जातो; दहाच्या पुढे गेला तर दुसरं पुस्तक बघा. फिरत्या तबकडीच्या नकाशालाही हाच नियम.

दुसरी परीक्षा लाल दिव्याची. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे नुसतं बघितलं तरी ती मेहनत वाया जाते. म्हणून दिवा लाल आणि मंद. पण पांढरा कागद आणि लाल शाई दोन्ही लाल प्रकाश सारखाच परत पाठवतात. त्यामुळे लाल, गुलाबी, नारिंगी रंगात छापलेलं सगळं कागदात विरघळून जातं. काही पुस्तकांत दीर्घिका (गॅलेक्सी) नेमक्या लाल रंगात दाखवलेल्या असतात. अंधारात त्या पानावर तारे दिसतात, दीर्घिका गायब! छोटा लाल दिवा सोबत न्या आणि पान सावलीत धरून तपासा. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला नकाशा सगळ्यात सोयीचा, त्यावर पेन्सिलीने खुणाही करता येतात. पुस्तक उघडं ठेवल्यावर आपोआप मिटत नाही ना, हेही पाहा. तारेची बांधणी असेल तर उत्तम.

नकाशात किती प्रतीपर्यंतचे तारे आहेत? प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; तिचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. काळ्याकुट्ट आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं, शहरात तिसऱ्या-चौथ्यापर्यंतच. आपलं आकाश कसं आहे हे सप्तर्षींमधला वसिष्ठ सांगतो. त्याच्या शेजारची अरुंधती साधारण चौथ्या प्रतीची आहे. नजर चांगली असूनही ती दिसत नसेल तर पाचव्या प्रतीचे ठिपके शोधत बसू नका. नवशिक्याला पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंतचा नकाशा पुरतो. आठव्या-नवव्या प्रतीपर्यंतचा मोठा नकाशासंग्रह सुरुवातीलाच घेतला, तर ठिपक्यांच्या गर्दीत तारकासमूहांचे आकारच हरवतात.

फोटोंबद्दल स्पष्टच सांगायला हवं. कॅमेरा मिनिटं-तास प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. छोट्या दुर्बिणीतून दीर्घिका म्हणजे राखाडी डाग. ज्या पुस्तकात दुर्बिणीत बघून काढलेली पेन्सिलीची चित्रं आहेत, ते पुस्तक प्रामाणिक. शिवाय प्रत्येक वस्तूची प्रत आणि आकार दोन्ही दिलेले हवेत. मेसियेच्या यादीतली ('एम' तिथलंच) एम ३३ ही दीर्घिका ५.७ प्रतीची आणि स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ एम ५७ हा ८.८ प्रतीचा. आकडे वाचून वाटतं, पहिली सोपी. प्रत्यक्षात एम ३३ चा प्रकाश चंद्रबिंबाच्या दुप्पट लांबीवर पसरलेला आहे, आणि थोडा उजेड असला तरी ती आकाशात मिसळून जाते. एम ५७ जेमतेम एका कलेएवढा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असल्याने त्याचा प्रकाश एकवटलेला राहतो, आणि शहरातूनही लहान दुर्बिणीत सापडतो.

आता वापर. नकाशाखाली वेळ लिहिलेली असते: १ तारखेला रात्री १०, १५ ला ९, महिनाअखेर ८. तारे रोज सुमारे ४ मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास. म्हणून दोन तास उशिरा बघायला बसलात तर पुढच्या महिन्याचं पान उघडा. नकाशात पूर्व डावीकडे दिसली की छपाईची चूक समजू नका. तो डोक्यावर धरून बघायचा असतो. ज्या दिशेला तोंड कराल ती कडा खाली घ्या. आणि अंतरासाठी हात लांब करून मूठ धरा: मूठ १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश.

क्रांतिवृत्ताजवळ, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाजवळ, नकाशात नसलेला ठळक तारा दिसला तर तो बहुधा ग्रह असतो. ग्रहांची कोष्टकं ठरावीक वर्षांपुरतीच असतात, जुनं पुस्तक घेताना तेवढं तपासा. ताऱ्यांचे नकाशे मात्र नुसत्या डोळ्यांसाठी दशकानुदशकं चालतात.

एक वाट पूर्ण चालून पाहू. भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून ईशान्येलाच देवयानीचे तारे ओळीने जातात: आधी मंद डेल्टा, मग ठळक बीटा (नकाशात ताऱ्यांना अशी ग्रीक अक्षरं दिलेली असतात). बीटावर द्विनेत्री लावा आणि काटकोनात वायव्येकडे वळा. सुमारे ४ अंशांवर म्यू, आणखी ३ अंशांवर न्यू. न्यूच्या पश्चिमेला सव्वा अंशावर लांबट धूसर ठिपका दिसेल. तीच देवयानी दीर्घिका. इथे घाई केली की लोक म्यूवरून भलत्याच ताऱ्याकडे सरकतात. तसं झालं तर अंदाजाने शोधू नका, सरळ बीटावर परत या.

हीच वाट दुर्बिणीतून चालताना नकाशा जुळेनासा होतो. न्यूटन पद्धतीच्या, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत चित्र १८० अंशांनी फिरलेलं असतं. पुस्तक उलटं धरलं की काम झालं. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावलेला असेल तर चित्र आरशातल्यासारखं पालटतं, आणि मग पुस्तक कसंही फिरवा, जुळणार नाही. त्या पानाची पातळ कागदावर नक्कल काढा, कागद पालथा करा आणि मागून दिवा धरा. पालथ्या बाजूवर दिशा मात्र नव्याने लिहून घ्या.