भरलेला ट्रक आणि मांडीवरचं बाळ

नमस्कार मंडळी. इंदूरहून ओंकारेश्वरला गाडीने जाताना सिमरोलच्या पुढे घाट लागतो आणि समोर एखादा भरलेला ट्रक रांगत चढत असला की मागे हॉर्नवर हॉर्न सुरू होतात. तर आज त्या ट्रकचा जरा हिशोब करू, कारण तो ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवत नसतो.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, न्यूटनचा दुसरा नियम, १६८७ सालच्या त्याच्या पुस्तकातला. शाळेत आपण पाठ केला, मार्क मिळवले आणि सोडून दिला, पण मला तर वाटतं रस्त्यावर याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलला ते. रिकामा भाजीचा ठेला एका धक्क्यात निघतो, बटाट्याची पोती भरली की तोच धक्का दिला तरी नुसता हलतो, बस एवढंच आहे ते.

आता आकडे घ्या. रिकामा ट्रक १० टन, भरलेला २५ टन, आणि सपाट रस्त्यावर समजा इंजिन दोघांनाही १० हजार न्यूटनचा जोर देतंय, न्यूटन म्हणजे बल मोजायचं एकक. रिकामा १० सेकंदात ३६ च्या स्पीडला पोचेल, भरलेल्याला त्याच स्पीडला २५ सेकंद लागतील, आणि यात हवा नि घर्षण धरलेलंच नाही. वर घाट असला, म्हणजे समजा २० मीटरला १ मीटर चढ, तर भरलेल्या ट्रकला मागे न घसरता नुसतं टिकून राहायलाच साधारण १२ हजार न्यूटन लागतात, मग पुढे जायचं ते वेगळं. म्हणून तो खालच्या गियरमध्ये घुरघुरत चढतो.

उतारावर मात्र गंमत नाही, धोका आहे. न्यूट्रलमध्ये सोडले तर दोन्ही ट्रक सारखेच वेग घेतात, कारण जो जड आहे त्याला पृथ्वी ओढतेही तेवढ्याच जास्त जोराने. पण थांबवायचं काम ब्रेकचं, आणि ब्रेक काही माल भरला म्हणून आपोआप मोठा होत नाही, त्याला अडीचपट जोर लावायचा असतो आणि सतत दाबून ठेवला की तो तापतो, तापला की त्याची पकड कमी होते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आहेत, ते फार चुकीचं करतात हो, गियरमध्ये ठेवलं तर इंजिनही गाडीला मागे धरतं. आणि आपण दुचाकीवाल्यांनी अशा ट्रकच्या पुढे घुसून एकदम ब्रेक मारू नये, त्याला तेवढ्या जागेत थांबता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी आज बोलायला बसलो. आपल्याकडे कारमध्ये पुढच्या सीटवर आई बाळाला मांडीवर घेऊन बसते, घट्ट धरलंय ना, मग काय होतं, असं वाटतं. बाळ १० किलोचं, गाडी ३६ च्या स्पीडला, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आणि समोर काही आदळून गाडी एक दशांश सेकंदात थांबली. मग त्या बाळाला धरून ठेवायला १ हजार न्यूटन लागतात, म्हणजे जवळजवळ १०० किलोचं वजन अचानक हातात आल्यासारखं, आणि तेही कळायच्या आत. कुठल्याच आईच्या हातात एवढी ताकद नसते, प्रेम कितीही असो. स्पीड ७२ असला तर हाच आकडा दुप्पट, २०० किलो.

बाळासाठी वेगळी सीट मिळते, ती मागच्या सीटवर पट्ट्याने बांधायची, म्हणजे धक्का हातांवर न येता पट्ट्यांवर येतो आणि थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो, आणि वेळ वाढला की बल कमी होतं. महाग वाटते खरी, पण मोबाइलपेक्षा आधी ती घ्या, आणि आजी-आजोबा मागे बसले असतील तर त्यांनाही बेल्ट लावायला सांगा.