आईची कात्री, बाबांचा चार्जर

श्रोतेहो, नमस्कार.

कात्री हवी असते आणि ती जागेवर नसते. मग हाका सुरू होतात. "मी नाही घेतली", "मी कालच ठेवली होती". शेवटी ती मुलांच्या पलंगाखाली कागदाच्या कपट्यांत सापडते, दोन्ही पात्यांना डिंक चिकटलेला. चार्जर, छत्री, कंगवा, चांगलं लिहिणारं पेन, सगळ्यांची गत तीच. आणि आपण म्हणून मोकळे होतो, "आजकालच्या मुलांना जबाबदारीच नाही."

मला हे पटत नाही. दुसऱ्याची वस्तू म्हणजे काय, हे मुलांना फार लवकर कळतं. फेडेरिको रोसानो, हानेस राकोत्सी आणि मायकेल टोमासेलो यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक बाहुली दुसऱ्याची वस्तू घेऊन टाकून देऊ लागायची. दोन वर्षांची मुलं फक्त स्वतःच्या वस्तूसाठी विरोध करायची. तीन वर्षांची मुलं मात्र तिसऱ्याच माणसाच्या वस्तूसाठीही बाहुलीला अडवायची. आपलं मूलसुद्धा मैत्रिणीचं पुस्तक आठवणीनं परत देतंच की. मग आईची कात्री का नाही?

कारण ती आईची आहे, असं त्याला कधी वाटलेलंच नसतं. ती 'घरातली' असते. आणि हे आपणच शिकवलेलं असतं. "घे की, त्यात विचारायचं काय?" असं आपण प्रेमानं म्हणतो. आईच्या बाबतीत तर हे फारच होतं. तिचं पेन, तिचा टॉवेल, तिची बॅग, सगळंच सगळ्यांचं. "हे माझं आहे, मला लागतं" एवढं साधं वाक्य तिनं म्हटलं, तर त्यात कंजूषपणा कसला? मुलांनी ते ऐकायलाच हवं.

दुसरी गोष्ट आठवणीची. वस्तू घेताना गरज आपल्याला ढकलत असते. काम झालं की ती गरज संपते आणि परत ठेवायची आठवण करून देणारं काहीच उरत नाही. म्हणून "परत ठेव हं" हे सांगणं हवेत विरतं. त्यापेक्षा वस्तू हातात देतानाच विचारावं, "कधी आणून देशील?" मूल म्हणालं, "चित्र चिकटवून झालं की, जेवायला येताना," तर त्या परतीला एक ठरलेली वेळ मिळते. आणि ती वेळ टळली, तर आपण स्वतः उठून वस्तू आणू नये. मुलाला हाक मारावी, त्याच्याच हातून ती जागेवर जावी. इथं बहुतेक आईबाप हरतात, कारण स्वतः आणणं सोपं असतं, वाद तरी टळतो.

अगदी लहान मुलांना मात्र हा नियम लावू नका. आईची जुनी शाल कवटाळून झोपणाऱ्या मुलाला ती वस्तू म्हणून नको असते, धीर म्हणून हवी असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात अशा वस्तूंचं महत्त्व मांडलं होतं. ती शाल परत मागू नका, आणि घाईनं धुऊही नका. तिचा वास गेला तर मूल खरंच कासावीस होतं.

आणि आपलं काय? मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर आपण न विचारता उचलतो, त्याच्या वहीचं पान फाडून यादी लिहितो. त्याला विचारायला हवं आणि तो "नको" म्हणाला तर ऐकायलाही हवं. हे जिथं होत नाही, तिथं "माझी कात्री दे" या बोलण्याला वजन कुठून येणार?

मुलं मोठी होऊन वेगळी राहायला लागली की वस्तूही मोठ्या होतात. ड्रिल मशीन जातं, प्रवासाची बॅग जाते, आणि मागायला आईबापांनाच संकोच वाटतो. मनात कुढत बसू नका. फोन करा आणि सांगा, "बॅग मला पुढच्या आठवड्यात लागणार आहे, येताना घेऊन ये."

नमस्कार.