वारा, दार आणि आमचे जवान

या, पुढे या भाऊ, पंख्याखाली जागा आहे अजून. १४ एप्रिलला आमचा अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत. हारतुरे होतात, फोटो निघतात, ठीक आहे. मला बोलायचंय तुमच्या फ्लॅटच्या दाराबद्दल.

जळगाव-धुळ्याकडे पण आता उंच उंच बिल्डिंगी झाल्या, आणि लोकांना वाटतं बंब येईल, शिडी लागेल, झालं काम. अहो गल्लीत दोन्हीकडून गाड्या लावलेल्या, वर तारा, शिडी उघडणार कुठं? आम्ही जिन्यानंच चढतो. अंगात जाड सूट, पाठीवर हवेचं सिलेंडर, खांद्यावर होज म्हणजे पाण्याचा पाईप, बाहेर मे महिन्याचं ४५ डिग्री ऊन. सिलेंडरवर ४५ मिनिटं लिहिलेली असली तरी धापा टाकत चढलेला गडी ती हवा त्याच्या आधीच संपवून बसतो. म्हणून आग नवव्यावर असेल तर आठव्यावर थांबायचं, तिथल्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या नळाला, होज जोडायचा, पाणी येतंय का बघायचं, मगच वर.

आता दार. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधे १८ डिसेंबर १९९८ ला वयस्कर लोकांच्या दहा मजली बिल्डिंगमधे सगळ्यात वर आग लागली. घरातलं माणूस बाहेर पडलं, दार उघडंच राहिलं. खिडकीतून वारा घुसला आणि आग दारातून सरळ कॉरिडॉरमधे. तिथं तीन जवान होते, तिघंही गेले. पुढे २००८ मधे तिथल्या अग्निशमन दलानं आणि संशोधकांनी एका रिकाम्या सात मजली इमारतीत मुद्दाम आगी लावून मोजून पाहिलं. खिडकी फुटलेली, फ्लॅटचं दार उघडं आणि जिन्याकडूनही वाट मोकळी असली की कॉरिडॉरमधे सूट घातलेला जवान पण टिकत नाही. दार ओढून घेतलं की वाऱ्याची वाटच बंद.

आपल्याकडे वैशाखात दुपारी कशा झळा सुटतात ते तुम्हाला काय सांगायचं, आणि नेमकं त्याच दिवसात हवा यावी म्हणून जिन्याच्या फायर डोअरला, म्हणजे आग-धूर अडवणाऱ्या दाराला, वीट लावलेली असते!

पण दार लावा म्हणजे आत बसून राहा असं नाही हां. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला चौथ्या मजल्यावर फ्रीजजवळ आग लागली, बाहेरच्या पॅनलमधल्या प्लास्टिकमुळे ती २४ मजली टॉवरच्या टोकापर्यंत चढली, आणि लोकांना घरातच थांबा असं सांगत राहिले, तो आदेश फिरवायला जवळजवळ दोन तास गेले. ७२ माणसं गेली. निघता येत असेल तर निघा, लिफ्ट नको, जाताना दार ओढून घ्या, कुलूप घालू नका. आणि आत कोणी राहिलंय का ते खाली आमच्या माणसाला सांगा, नाहीतर आमची पोरं रिकाम्या घरात शोधत बसतात.

राहिलं पाणी. होजच्या तोंडाचं पितळी नोझल भंगारात गेलेलं, होजच्या पेटीला कुलूप, नळाला पाणी दिवसाआड म्हणून फायरची टाकी झाडांना, गाड्या धुवायला. महाराष्ट्राच्या २००६ च्या आगीपासून बचावाच्या कायद्यानं जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासून बी फॉर्म, म्हणजे यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो, पण बऱ्याच ठिकाणी कागद येतो आणि व्हॉल्व्ह कोणी फिरवतच नाही.

चला, आता पार्किंगमधे जाऊ, तुमचाच हायड्रंट उघडून बघू. पंप रूमची चावी कोणाकडे आहे?