उणे आलं म्हणून खोडू नका

कागदावर शेजारी शेजारी दोन खिडक्या काढा, मधली दांडी सामाईक. डाव्या बाजूला १२ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहमचा रेझिस्टर, उजव्या बाजूला १० व्होल्ट आणि २ ओहम. मधल्या दांडीवर ४ ओहम. दोन्ही बॅटऱ्यांचं धन टोक वरच्या बाजूला.

४ ओहममधून किती प्रवाह जातो?

तीन फांद्यांचे तीन प्रवाह धरता येतील. पण मेश (म्हणजे खिडकी) पद्धतीत एका खिडकीला एकच प्रवाह, म्हणजे अज्ञात दोनच: डावीकडे आय१ आणि उजवीकडे आय२. दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा. उलटे फिरवले तरी चालतं. मात्र दोन्हींची दिशा एकच ठेवली, की सामाईक रोधाचं, म्हणजे मधल्या ४ ओहमचं पद दोन्ही समीकरणांत उणेच येतं.

आता किरचॉफचा व्होल्टेजचा नियम: बंद वाटेनं एक फेरी मारली, की सगळ्या व्होल्टेजची बेरीज शून्य. डावीकडे २ आणि ४ मिळून ६ ओहम:

६ आय१ − ४ आय२ = १२

उजवीकडे आय२ बॅटरीच्या धन टोकातून आत शिरतो. बॅटरी त्याला विरोध करते, म्हणून दहा उणे:

−४ आय१ + ६ आय२ = −१०

निम्मी गणितं चुकतात ती या एका उण्यापाशी.

पहिल्याला ३ नं, दुसऱ्याला २ नं गुणून बेरीज करा. १० आय१ = १६. आय१ १.६ अँपिअर, आय२ उणे ०.६.

उणे पाहून बरेच जण खोडरबर शोधतात. गरज नाही. प्रवाह आपण धरलेल्या दिशेच्या उलट वाहतोय, एवढंच. उजवी बॅटरीही प्रवाह पुरवते आहे. मधल्या दांडीत आय१ वजा आय२, म्हणजे १.६ अधिक ०.६: २.२ अँपिअर, वरून खाली. चिन्ह गाळून वजाबाकी केली, तर १ अँपिअर येईल.

ताळा घ्या. ४ गुणिले २.२, ८.८ व्होल्ट. डावीकडून १२ वजा ३.२, तेही ८.८. उजवीकडून १० वजा १.२, पुन्हा ८.८.

मधल्या दांडीवर रेझिस्टरऐवजी ३ अँपिअरचा करंट सोर्स, म्हणजे ठरलेला प्रवाहच देणारा स्रोत असला, तर? त्याच्यावरचा व्होल्टेज आधी ठाऊक नसतो, म्हणून त्या दांडीवरून समीकरण मांडता येत नाही. दांडी वगळून बाहेरच्या चौकटीनं फिरा, हीच सुपरमेश. २ आय१ + २ आय२ = १२ − १० = २. सोर्सचा बाण खाली असेल, तर आय१ − आय२ = ३. उत्तर २ आणि उणे १.