खान्देशातून अंधेरीची फुटबॉल मॅच: आधी परतीची गाडी, मग मॅचचं तिकीट

राम राम मंडळी. टीव्हीवर मॅच बघताना फक्त बॉल दिसतो. स्टँडमधून अख्खं मैदान दिसतं. लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) वर चढला की त्याची जागा कोण भरतं, बॉलपासून चाळीस मीटर लांबचा विंगर (मैदानाच्या कडेनं चढाई करणारा) कधी पळ काढतो, सगळं डोळ्यांसमोर घडतं. एवढ्यासाठी जळगावहून सव्वाचारशे किलोमीटर जाणं सार्थकी लागतं, असं आमचं ठाम मत आहे.

आता आखणी. मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबचं घरचं मैदान म्हणजे अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवरचं मुंबई फुटबॉल अरेना. बहुतेक जण आधी मॅचचं तिकीट काढतात, मग गाडी शोधतात, आणि रात्री स्टेशनच्या बाकावर बसून राहतात. हिशेब उलटा धरा, परतीच्या गाडीपासून.

समजा किक-ऑफ संध्याकाळी ७:३० ला आहे. पंचेचाळीसचे दोन हाफ, मधले पंधरा मिनिटं आणि वाढीव वेळ मिळून शेवटची शिट्टी ९:२५ च्या आसपास वाजते. गर्दीतून बाहेर पडायला वीस मिनिटं. तिथून आझाद नगर मेट्रो स्टेशन पायी गाठायचं; तपासणी आणि रांग धरून १० वाजतात. मेट्रोनं घाटकोपर वीस मिनिटं. तिथे मध्य रेल्वेची फास्ट लोकल पकडली की कल्याणला पाऊण तास. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी कल्याणला पोहोचेपर्यंत सव्वाअकरा, साडेअकरा. भुसावळकडे जाणारी गाडी कल्याणहून १२ नंतर सुटणारी असेल तरच निवांत राहा. सीएसएमटीला जाऊन गाडी पकडायच्या फंदात पडू नका. ती उलटी दिशा आहे.

इथे हमखास होणारी एक चूक नीट समजून घ्या. शनिवारी रात्री साडेअकराला सीएसएमटीहून सुटणारी गाडी कल्याणला येते तेव्हा रविवार लागलेला असतो. आरक्षण करताना 'कल्याण' टाकून शनिवार निवडला, तर तिकीट आदल्या रात्रीचं निघतं. मॅच सुरू व्हायच्या आधीच तुमची गाडी जळगावला पोहोचलेली असते! आणि तिकीट सीएसएमटीचं काढून, बोर्डिंग न बदलता कल्याणला चढलात, तर बर्थ दुसऱ्याला दिलेला असू शकतो. तिकीट काढतानाच बोर्डिंग स्टेशन कल्याण ठेवा, आणि गाडीला तिथे थांबा आहे ना, तेही बघा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मॅचची तारीख मागेपुढे होऊ शकते, म्हणून साधं तिकीट आधी काढा. रद्द केलं तर थोडे पैसे कापले जातात, एवढंच. तत्काळच्या भरवशावर राहू नका. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट आपण रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. नॉकआउट सामना (हरला तो बाहेर) असेल तर वेगळा विचार करा: बरोबरी झाली की तीस मिनिटं एक्स्ट्रा टाइम, वर पेनल्टी. तेव्हा सरळ दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी घ्या.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांना सुरतमार्गे पश्चिम रेल्वे सोयीची. बोरिवलीला उतरलं की अंधेरी लोकलनं जवळ. धुळेकरांनी एसटीनं थेट मुंबई किंवा चाळीसगावला येऊन गाडी, यातलं रात्री परत यायला जे जुळेल ते धरावं.

आता गेट. मोठी बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, छत्री, झेंड्याची काठी यातलं काही आत जाईल असं धरून चालू नका. गेटवर काढून घेतलेली वस्तू परत मिळेल याची खात्री नसते. म्हणून बॅग स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा, तीही परतीची गाडी जिथून पकडणार त्याच स्टेशनवर. तिथे गाडीचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. साध्या पिशवीला कुलूप कसं लावणार? म्हणून चेन असलेली बॅग आणि छोटं कुलूप घरूनच न्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्याच बॅगेत राहू द्या. दुधात भिजवलेली दशमी परतीच्या प्रवासापर्यंत मऊ राहते, आणि मध्यरात्री कल्याणच्या फलाटावर तिच्यासारखा आधार नाही.

फोन पूर्ण चार्ज करूनच मेट्रोतून उतरा. गर्दीत नेटवर्क अडतं, म्हणून क्यूआर कोड रस्त्यातच उघडून ठेवा आणि गेटवर स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. मंद स्क्रीन स्कॅनर वाचत नाही, आणि मागची रांग ओरडायला लागते. ऑनलाइन तिकीट खिडकीवर बदलून घ्यायचं असेल तर तास-दीड तास आधी पोहोचा. फोटो ओळखपत्र जवळ हवंच.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं मध्यरेषेजवळ आणि शक्य तेवढं वर बसावं, ऑफसाइड आणि संघाची रचना तिथून कळते. गोलमागे आवाज आणि ढोल जोरात, पण समोरच्या गोलपाशी काय झालं ते कळत नाही. मॅच पाचची असेल तर पश्चिमेचा स्टँड घ्या, सूर्य पाठीशी राहतो. पाहुण्या संघाचे चाहते असाल तर त्यांच्यासाठी राखलेल्या स्टँडचंच तिकीट काढा. यजमानांच्या घोळक्यात दुसऱ्या रंगाची जर्सी घालून बसू नका.

एकदा अंधेरी जमली की कोलकाता. भुसावळहून हावड्याला थेट गाड्या आहेत, साधारण एका दिवसाचा प्रवास. हावड्याहून मेट्रोची ग्रीन लाइन थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनला नेते. याच मैदानात १३ जुलै १९९७ ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्याला १,३१,७८१ प्रेक्षक होते. भायचुंग भुतियाच्या हॅटट्रिकवर ईस्ट बंगालनं ४-१ नं जिंकला. अशा एकाच शहरातल्या दोन संघांच्या लढतीला, म्हणजे डर्बीला, दोन्ही चाहत्यांच्या गॅलऱ्या वेगळ्या असतात. तिकिटावरचा गेट क्रमांक मेट्रोतून उतरण्याआधी वाचा, कारण चुकीच्या गेटवर गेलात तर अख्ख्या स्टेडियमला वळसा घालावा लागतो, आणि तोवर पहिला गोल होऊन गेलेला असतो.