खो-खोच्या दोन खांबांमधले टेनिस

(ठाण्यातील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सहकारी शिक्षक आणि पालकहो,

कळव्यापासून वर्तकनगरपर्यंत ठाण्यातल्या कुठल्याही गल्लीत जा, टेनिसचा चेंडू हाताळला नाही असे मूल तुम्हाला सापडणार नाही. तो दप्तरात असतो, गच्चीवर असतो, शेजाऱ्यांच्या पत्र्यावर अडकलेला असतो. मात्र मुलांच्या लेखी तो क्रिकेटचा चेंडू आहे. ज्या खेळासाठी तो बनला, तो खेळ यांतल्या बहुतेकांनी फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो आणि तो आपल्यासाठी नाही, अशी त्यांची व त्यांच्या आईवडिलांची समजूत पक्की झालेली असते. शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून नोकरीची पहिली कितीतरी वर्षे माझीही समजूत हीच होती. शालेय स्पर्धांमध्ये लॉन टेनिसचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, त्यांचे परिपत्रक दरवर्षी माझ्या टेबलावर येत असे आणि मी ते न वाचताच फाइलला लावत असे.

कारण विचारले असते, तर मी कोर्टाचे नाव पुढे केले असते. टेनिसच्या कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, एकेरीसाठी रुंदी ८.२३ मीटर, शिवाय मागे आणि बाजूला धावायला मोकळी जागा हवी. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या आणि चारही बाजूंनी इमारती उठलेल्या शाळेने एवढी जागा एकाच खेळासाठी कुठून काढायची? प्रश्न तिथेच संपत असे. आज मी तुमच्यापुढे एवढेच मांडणार आहे की शाळेत टेनिस आणताना कोर्टाची गरज सर्वांत शेवटी लागते. त्याआधी मुलाच्या मापाचा चेंडू लागतो आणि वेळापत्रकातली एक तासिका लागते, तीही निवडक मुलांसाठी नव्हे, संपूर्ण तुकडीसाठी.

चेंडूपासून सुरुवात करते, कारण गाडी अडते ती तिथेच. नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून काँक्रीटवर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर वर उसळला पाहिजे, असा नियम आहे. तिसरीतल्या मुलाची उंची साधारण १२५ सेंटिमीटर असते. जोरात मारलेला चेंडू त्याच्या डोक्याइतका वर येतो. त्याच्या हातात मोठ्यांची २७ इंची रॅकेट असते, ती त्याच्या मनगटाला पेलत नाही. तो मागे सरकतो, हात वर करून चेंडू कसाबसा ढकलतो, आणि दहा मिनिटांत त्याचे मत बनते की हे आपल्याला जमणार नाही. त्या मुलात काहीही कमी नसते. आपण मोठ्यांचा सदरा त्याला घालायला दिला आणि तो अंगाला बसत नाही म्हणून त्यालाच दोष दिला.

हे जगभर लक्षात आले होते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी हळू चेंडूंचा कार्यक्रम सुरू केला आणि जानेवारी २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायला नियमानेच बंदी घातली. आता तिथे तीन पायऱ्या आहेत: लाल, नारिंगी आणि हिरवा. लाल चेंडू आकाराने थोडा मोठा आणि वजनाने हलका असतो, पिवळ्याच्या तुलनेत सुमारे ७५ टक्के मंद जातो आणि तेवढ्याच उंचीवरून सोडला तर ९० ते १०५ सेंटिमीटरच उसळतो. खेळताना तो मुलाच्या कमरेपाशी येतो, म्हणजे फटका जिथे मारायचा बरोबर तिथे. लाल चेंडूचे कोर्ट ११ ते १२ मीटर लांब आणि ५ ते ६ मीटर रुंद असते, तर जाळीची उंची ८० सेंटिमीटर. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला आपले कबड्डीचे मैदान आठवले. ते १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. जे कोर्ट आपल्याकडे नाही म्हणून मी इतकी वर्षे हळहळत होते, त्याची जागा माझ्या शाळेत रोज सकाळी फक्कीने आखली जात होती.

आता तासिकेविषयी बोलते. माझ्या ओळखीच्या एका शाळेने काही वर्षांपूर्वी शाळा सुटल्यानंतरचे टेनिस प्रशिक्षण सुरू केले. बाहेरून प्रशिक्षक आले, मागच्या बाजूला सिमेंटचे कोर्ट झाले, उद्घाटनाला पाहुणे आले. शुल्क भरू शकणारी बारा-तेरा मुले खेळू लागली आणि उरलेली मुले रिक्षाची वाट पाहत कुंपणाच्या तारेला नाक लावून उभी राहू लागली. दोन वर्षांत त्या बारा जणांची दहावी आली, प्रशिक्षण बंद पडले आणि आज त्या कोर्टावर शाळेच्या बस उभ्या राहतात. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण तिथे पैसा होता, जागा होती, हेतूही चांगला होता. फक्त खेळ शाळेच्या आवारात येऊनही शाळेत आलेला नव्हता. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचे साहित्य या गोष्टी शाळेसाठी आवश्यक म्हणून सांगितल्या आहेत. आवश्यक या शब्दाचा अर्थ मी असा घेते की वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत ते साहित्य पोहोचले पाहिजे.

पण संपूर्ण तुकडीला टेनिस शिकवायचे, हे बोलायला सोपे आहे. पहिल्या वर्षी मी स्वतः ते अगदी चुकीच्या पद्धतीने केले. पाचवीची तुकडी, पट ४८. मी मुलांची एक रांग लावली, समोर उभी राहिले, एकेकाला हाताने चेंडू टाकला, मुलाने मारला आणि रांगेच्या शेवटी गेला. तासिका ३५ मिनिटांची, त्यांतली सात-आठ मिनिटे वर्गातून खाली येण्यात आणि रांग लावण्यात गेली. त्या दिवशी घरी जाऊन हिशेब केला, तेव्हा कळले की प्रत्येकाच्या वाट्याला पाच चेंडू आले होते. पस्तीस मिनिटांत पाच फटके! बाकीचा वेळ मुलांनी रांगेत एकमेकांना ढकलण्यात घालवला आणि मी त्यांना ओरडण्यात.

यातून वाट काढून दिली ती खो-खोने. आपल्या पटांगणात खो-खोचे दोन खांब कायमचे रोवलेले असतात. जमिनीपासून त्यांची उंची १२० ते १२५ सेंटिमीटर असते आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर २४ मीटर. एका शनिवारी मी शिपाईमामांना बरोबर घेतले आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत ८० सेंटिमीटर उंचीवर सुतळी ताणून बांधली. ती मध्ये लोंबू लागली, म्हणून वर्गातल्या तीन खुर्च्या ठरावीक अंतरावर ठेवून सुतळी त्यांच्या पाठींवरून नेली. मामांनी घरून दोन जुन्या साड्या आणल्या होत्या, त्या फाडून तिच्यावर टाकल्या, म्हणजे चेंडू वरून गेला की खालून, याचा वाद नको. अशी २४ मीटर लांबीची जाळी तयार झाली. तिचे तीन-तीन मीटरचे आठ भाग पाडले की आठ गट शेजारी शेजारी खेळू शकतात.

गट तिघांचा. एक जण सुतळीपलीकडून खांद्याखालून हात फिरवून चेंडू टाकतो, दुसरा एक टप्पा पडू देऊन रॅकेटने परत मारतो, तिसरा मागे राहून चेंडू अडवतो आणि मोठ्याने मोजतो. दहा चेंडू झाले की जागा बदलायच्या. आठ गट म्हणजे चोवीस मुले आणि त्यांना रॅकेट लागतात आठ. उरलेली चोवीस मुले पटांगणाच्या दुसऱ्या बाजूला जोड्या करून तोच लाल चेंडू एका टप्प्यावर हातानेच झेलतात आणि टाकतात. चौदा मिनिटांनी दोन्ही बाजूंची अदलाबदल. हा हातांचा खेळ कमी प्रतीचा समजू नका. टप्पा कुठे पडेल हे डोळ्यांनी ओळखून पायांनी तिथे पोहोचणे, हेच टेनिसचे मूळ आहे आणि ते रॅकेटशिवाय अधिक लवकर शिकता येते. दोन गटांमधली फक्कीची रेघ ओलांडायची नाही आणि शिट्टी वाजली की रॅकेट जमिनीवर ठेवायची, हे दोन नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक पाळावे लागतात, कारण शेजारच्याची रॅकेट तोंडावर बसली तर इजा गंभीर होते.

त्या वर्गात एक मुलगी होती. खो-खोत चपळ, पण टेनिसमध्ये तिचा प्रत्येक फटका सुतळीत जात असे. मी तिला मनगटाबद्दल, पकडीबद्दल सांगून थकले. एके दिवशी मी नुसती तिच्या पायांकडे पाहत बसले, तेव्हा दिसले की ती चेंडूवर धावून येते आणि धावता धावताच मारते. मी तिला म्हटले, “खांबाला हात लावून वळतेस ना, तशी आधी थांब आणि मग मार.” तिने दोन चेंडू सोडून दिले, तिसऱ्याला पाय रोवले, गुडघे वाकवले आणि चेंडू सुतळीच्या वीतभर वरून पलीकडे गेला. पलीकडच्या मुलाने त्या दिवशी रॅकेट मागून घेतली आणि दोघांनी मिळून सलग सतरा फटके मोजले. सतरावर चेंडू पडला, तेव्हा शेजारचे दोन गट खेळ थांबवून त्यांच्याकडे पाहत उभे होते. आपले देशी खेळ आणि टेनिस यांची भांडणे लावणाऱ्यांना मी हा तास आठवून उत्तर देते.

पावसाचे काय, असे पालक विचारतात. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि ठाण्याचे पटांगण सप्टेंबरअखेरपर्यंत ओलेच असते. ओल्या जमिनीवर लोकरी आवरणाचा चेंडू पाणी पितो आणि जड होतो, त्याच्या मागे लागू नये. ते चार महिने व्हरांड्यात किंवा सभागृहात फोमचे चेंडू वापरावेत, फरशीच्या रेघा कोर्टाच्या रेघा मानाव्यात आणि गुण १५, ३०, ४० असे न मोजता सरळ एक, दोन, तीन असे मोजून दहापर्यंत सामने खेळवावेत.

काही पालकांची शंका वेगळी आहे: ठाण्यात बॅडमिंटनची परंपरा आहे, मग मुलाला दोन दगडांवर पाय ठेवायला का लावायचे? त्यांना मी सांगलीचे नंदू नाटेकर यांचे उदाहरण देते. त्यांनी आधी टेनिस गंभीरपणे खेळले, कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी टेनिस निवडले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. नवव्या वर्षी मुलाला एकाच खेळात बांधून टाकण्याची घाई कशासाठी? त्या वयात त्याचे डोळे, पाय आणि खांदा तयार व्हावेत, पुढे तो कोणती रॅकेट धरेल ते त्याला ठरवू द्यावे.

हिरव्या चेंडूपर्यंत पोहोचलेल्या मुलांना मात्र पूर्ण कोर्ट लागते. ते शाळेने बांधावे, असे मी म्हणणार नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलांत टेनिसची कोर्टे आहेत आणि कामाच्या दिवशी दुपारी ती बहुधा रिकामी दिसतात. या सभेत अशा संकुलांचे पदाधिकारी बसले असतील, तर माझी त्यांना कळकळीची विनंती आहे की आठवड्यातून दोन दुपारी, शिक्षकाच्या देखरेखीखाली, जवळच्या शाळेतल्या आठ-दहा मुलांना आत येऊ द्यावे.

शिक्षकांनी स्वतः टेनिस खेळलेले नसेल, तर संकोच करू नये. मीही खेळले नव्हते. पुढच्या शनिवारी सकाळी साडेसातला आमच्या पटांगणात मी हा तास पाचवीच्या मुलांसह प्रत्यक्ष घेऊन दाखवणार आहे. येताना बूट घालून या, कारण चेंडू टाकायला मी तुम्हालाही उभे करणार आहे, आणि आपल्या शाळेतल्या खो-खोच्या दोन खांबांमधले अंतर टेपने मोजून कागदावर लिहून आणा. किती मीटर सुतळी आणि किती गट, याचा हिशेब तिथेच करू.